हौशी दिवाळी अंकासाठी जाहिराती घ्याव्यात का? निर्णय कसा करावा

छंदापोटी काढलेल्या दिवाळी अंकात जाहिराती घ्यायच्या की नाहीत, हा प्रश्न बहुतेक हौशी संपादकांसमोर ऑगस्टमध्ये उभा राहतो आणि त्यासाठी याहून वाईट वेळ नसते. लेख आलेले असतात, मुखपृष्ठाच्या चित्रकाराला शब्द दिलेला असतो, छापखान्याने कागदाचा नवा भाव कळवलेला असतो आणि तो आपण मनात धरलेल्या आकड्यापेक्षा मोठा असतो. अशा वेळी एखाद्या ओळखीच्या व्यावसायिकाने फोन करून ‘मलपृष्ठ आम्हाला द्या, पैसे आगाऊ देतो’ असे म्हटले, की विचार करायला उसंत उरत नाही. होकार आधी जातो आणि त्याची कारणे मागाहून शोधली जातात. म्हणून पहिली सूचना वेळेविषयीच आहे. लेखकांना निमंत्रणाची पत्रे जाण्यापूर्वी, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, आपला निर्णय आणि त्यामागची कारणे एका कागदावर लिहून ठेवावीत, आणि अंकाचे काम करणाऱ्या सर्वांनी त्यावर सह्या कराव्यात. चार मित्रांच्या अंकात सह्या कशाला, असे वाटेल. पण ऑगस्टमध्ये हाच कागद उपयोगी पडतो.

आम्ही चौघे मित्र गेली नऊ वर्षे गडकिल्ले आणि सह्याद्रीतील भटकंती या विषयाला वाहिलेला एक छोटा अंक काढत आहोत. पहिली तीन वर्षे आम्ही एकही जाहिरात घेतली नाही, पुढची दोन वर्षे मिळेल ती घेतली आणि नंतरची चार वर्षे स्वतः घालून घेतलेल्या मर्यादेत राहून मोजक्याच घेतल्या. या तिन्ही पद्धतींत आम्ही चुका केल्या आहेत, आणि पुढे जे लिहिले आहे ते त्या चुकांतूनच आलेले आहे.

मराठीत दिवाळी अंक आणि जाहिरात यांचे नाते जुने आहे. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाचा १९०९ चा अंक हा पहिला दिवाळी अंक मानला जातो, आणि त्यानंतरच्या शतकभरात सराफांच्या पेढ्या, मसाल्यांचे कारखाने आणि सहकारी बँका यांच्या रंगीत पानांशिवाय दिवाळी अंक डोळ्यांसमोर येत नाही अशी स्थिती झाली. त्यामुळे जाहिरात घेणे म्हणजे काही भ्रष्ट होणे असे मानण्याचे कारण नाही. मात्र दुसरी परंपराही तितकीच आपली आहे. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून १९५३ पर्यंत, अखेरपर्यंत पदरमोड करून चालवले. गांधीजींचे ‘इंडियन ओपिनियन’ १९०३ मध्ये डर्बन येथे सुरू झाले तेव्हा त्यात जाहिराती असत. पुढे त्या बंद करण्यात आल्या. त्यामागे त्यांनी सांगितलेले कारण मला विशेष विचार करण्याजोगे वाटते. जाहिराती मिळवण्यात आणि त्यांची वसुली करण्यात चांगली माणसे अडकून पडतात, कोणती घ्यावी आणि कोणती नाकारावी याचा पेच पडतो आणि जाहिरातदारांची मनधरणी करावी लागते, असा तो हिशेब आहे. तत्त्वाइतकाच तो माणसांच्या वेळेचा हिशेब आहे, आणि हौशी अंकाकडे सर्वांत कमी असते ती वेळच.

आधी तूट मोजावी

जाहिरातींची चर्चा ‘खर्च भागत नाही’ या वाक्याने सुरू होते. हे वाक्य कोणी उच्चारले की आकडा विचारावा. आमच्या पहिल्या तीन वर्षांत आम्हाला नेमकी तूट किती आहे हे ठाऊकच नव्हते, कारण टपालखर्च एकाच्या खिशातून जात होता, मांडणीचे पैसे दुसऱ्याने दिले होते आणि गौरव प्रतींचा हिशेब कोणीच ठेवला नव्हता.

हिशेब कसा मांडावा ते एका कल्पित उदाहरणावरून सांगतो. समजा, १२८ पानांच्या अंकाच्या ५०० प्रती काढायच्या आहेत. कागद, छपाई आणि बांधणीला ६०,००० रुपये, मांडणी आणि मुखपृष्ठाला १५,००० रुपये, आणि तीनशे वाचकांना घरपोच पाठवण्यासाठी प्रत्येकी ४० रुपयांप्रमाणे १२,००० रुपये लागतात. म्हणजे एकूण खर्च ८७,००० रुपये झाला. अंकाची किंमत २५० रुपये आहे आणि पूर्वनोंदणी करणाऱ्यांना तो २०० रुपयांत मिळतो. तीनशे पूर्वनोंदणीदारांचे ६०,००० रुपये आले. पुस्तकविक्रेत्यांमार्फत ८० प्रती गेल्या आणि ४० टक्के कमिशन वजा जाता प्रत्येकी १५० रुपयांप्रमाणे १२,००० रुपये हाती पडले. चाळीस गौरव प्रती लेखकांना आणि परीक्षणासाठी गेल्या, ८० प्रती कपाटावर राहिल्या. जमा ७२,००० रुपये, तूट १५,००० रुपये.

आता ही तूट जाहिरातींशिवाय किती कमी होते ते पाहावे. पूर्वनोंदणीचे मूल्य २५० रुपये केले आणि त्यामुळे तीस वाचक गळाले असे धरले, तरी २७० वाचकांचे ६७,५०० रुपये येतात, म्हणजे जमेत ७,५०० रुपयांची भर पडते आणि तीस प्रतींचे टपाल, १,२०० रुपये, वाचते. प्रती उरतातच, तर ५०० ऐवजी ४३० छापल्या आणि त्यातून समजा ४,००० रुपये वाचले. छपाईचा बराचसा खर्च प्लेट आणि यंत्रजोडणीचा असल्यामुळे प्रती कमी केल्याने फार मोठी बचत होत नाही, हे लक्षात ठेवावे. तरीही तूट आता २,३०० रुपयांवर आली. चार मित्रांत ती प्रत्येकी ५७५ रुपये होते, म्हणजे भाड्याच्या जीपने केलेल्या एखाद्या गडफेरीच्या वर्गणीइतकी.

आता मूळची १५,००० रुपयांची तूट केवळ जाहिरातींनी भरायची असे ठरवून पाहू. पूर्ण पानाला ४,००० रुपये दराने पाच जाहिराती मिळाल्या तर कागदावर २०,००० रुपये दिसतात. त्यांपैकी दोन एजन्सीमार्फत आल्या आणि तिने रूढ असलेले १५ टक्के कमिशन घेतले, तर १,२०० रुपये गेले. अंक १२८ पानांत, म्हणजे सोळा पानांच्या आठ फॉर्ममध्ये, नेमका बसवलेला असतो. पाच पाने वाढली की नववा फॉर्म घ्यावा लागतो किंवा पाच पानांचा मजकूर काढावा लागतो. फॉर्म वाढवला तर आणखी समजा ६,००० रुपये गेले. थेट आलेल्या एका जाहिरातदाराने अंक निघाल्यावर पैसे देण्याचे टाळले, तर ४,००० रुपये बुडाले. उरले ८,८०० रुपये, आणि तेही दोन महिन्यांच्या फोनाफोनीनंतर. तूट संपली नाहीच.

प्रत्येकाचे आकडे वेगळे असतील आणि एखाद्याच्या बाबतीत उत्तर उलटेही येईल. रंगीत छायाचित्रांचा, आर्ट पेपरवर छापलेला अंक असेल तर तूट लाखाच्या घरात जाऊ शकते आणि ती वर्गणीने भरत नाही. पण हा हिशेब न मांडता जाहिरातीकडे वळणे म्हणजे तहान किती लागली आहे हे न पाहता विहीर खणायला घेण्यासारखे आहे. आम्ही स्वतः तेच केले होते.

जाहिरातदार विषयाच्या किती जवळचा आहे

जाहिराती घेणाऱ्या नव्या संपादकाला हमखास एक सल्ला मिळतो: आपल्या वाचकांच्या उपयोगाच्या, आपल्या विषयाशी संबंधित जाहिराती घ्याव्यात. गड-भटकंतीच्या अंकात बूट, सॅक, तंबू आणि ट्रेक आयोजकांच्या जाहिराती शोभून दिसतात, वाचकालाही त्यांचा उपयोग होतो, असे त्यामागचे म्हणणे असते. माझे मत याच्या नेमके उलट झाले आहे, आणि ते कशामुळे झाले ते सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

जाहिराती घेण्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या अंकाचे दुसरे कव्हर, म्हणजे मुखपृष्ठाची आतली बाजू, एका तंबू-मुक्काम आयोजकाने घेतले. तो भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांच्या हंगामात पर्यटकांचे मुक्काम भरवत असे. रक्कम आगाऊ आली, जाहिरातीचे आर्टवर्क वेळेवर आले, वागणे सौजन्याचे होते; त्याच्याकडून आम्हाला कसलाही त्रास झाला नाही. त्याच अंकासाठी कीटकशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने काजव्यांवर लेख दिला होता. पावसाच्या तोंडावर, मे अखेरीस आणि जूनच्या आरंभी, हिरडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे हजारोंनी लुकलुकतात. हे लुकलुकणे म्हणजे नर-मादीने एकमेकांना दिलेल्या खुणा असतात, आणि जनरेटरवरचे दिवे, गाड्यांचे हेडलाइट आणि विजेऱ्या यांच्या उजेडात त्या खुणा बुडून जातात, हे तिने अतिशय स्वच्छ भाषेत लिहिले होते. काजव्यांच्या अळ्या जमिनीवरच्या ओलसर पालापाचोळ्यात वाढतात आणि गाड्या उभ्या करण्यासाठी तीच जमीन तुडवली जाते, हेही त्यात होते. लेखाच्या शेवटी एक वाक्य होते: तंबूंची वस्ती काजव्यांच्या झाडांखालीच उठवली जाते आणि ती तिथून हलवल्याशिवाय बाकीच्या सूचनांना अर्थ नाही.

ते वाक्य मी बदलले. ‘पर्यटकांनी काजव्यांच्या झाडांजवळ उजेड टाळण्याची काळजी घ्यायला हवी’ असे मी केले. लेखाची लांबी कमी करत होतो, भाषा थोडी सौम्य करत होतो, असे त्या वेळी मला खरोखर वाटत होते. आयोजकाने काहीही मागितले नव्हते. त्याने तो लेख पाहिलाही नव्हता. छापील अंक हाती पडल्यावर लेखिकेचा फोन आला. ती रागावली नव्हती. ‘तुम्ही जागेचा प्रश्न माणसांच्या वागण्यावर ढकललात,’ एवढेच ती म्हणाली. मी अंक उघडला, दुसरे कव्हर पाहिले, तिचा लेख पाहिला आणि मला उत्तर देता आले नाही. पुढच्या वर्षीच्या अंकात आम्ही तिचे मूळ वाक्य आणि माझी चूक दोन्ही छापली. अंक तसा निघाला याचे वाईट मला आजही वाटते.

यातून जी गोष्ट कळली ती जाहिरातींविषयीच्या कोणत्याही सर्वसाधारण सल्ल्यात मला सापडली नव्हती. दडपण बाहेरून येईल तेव्हा बघू, या भरवशावर आपण राहतो आणि ते बाहेरून येतच नाही. ज्याच्याविषयी लिहायचे त्याचेच पैसे अंकात असले, की संपादकाचा हात वाक्य लिहितानाच सावध होतो आणि ती सावधगिरी त्याला भाषेची जाण वाटते. म्हणून जाहिरातदार विषयाच्या जितका जवळचा, तितका तो हौशी अंकासाठी अधिक अवघड. गावातल्या सराफाची, मसालेवाल्याची, चष्म्याच्या दुकानाची किंवा छापखान्याची जाहिरात वाचकाला भटकंतीच्या दृष्टीने निरुपयोगी वाटेल. पण आपल्या अंकात सराफांविषयी काही लिहून येण्याचा संभव नसतो, आणि तेच तिचे मूल्य आहे.

निर्णयाची कसोटी यातूनच काढावी. येत्या पाच वर्षांत आपल्या अंकात ज्यांच्याविषयी बरे-वाईट लिहावे लागेल, अशा सर्वांची एक यादी करावी. आमच्या यादीत ट्रेक आणि मुक्काम आयोजक, साहित्य विकणारी दुकाने, गडांच्या पायथ्याची हॉटेले आणि रिसॉर्ट, जमीन विकणारे, गडांवर बांधकामाची कंत्राटे घेणारे आणि राजकीय पुढारी आहेत. या यादीतील कोणाचीही जाहिरात घ्यायची नाही. नंतर यादीबाहेरच्या जाहिरातदारांकडून आपली तूट भरते का ते पाहावे. भरत असेल तर जाहिराती घ्याव्यात. भरत नसेल तर अंक लहान करावा, महाग करावा किंवा वर्षाआड काढावा, पण यादीला हात लावू नये. पक्षीनिरीक्षणाचा अंक असेल तर दुर्बिणींचे विक्रेते, नाण्यांच्या संग्रहाचा असेल तर लिलावगृहे आणि विक्रेते, बागकामाचा असेल तर रोपवाटिका आणि खतविक्रेते यादीत येतील. ही यादी करताना मन कचरेल, कारण सर्वांत सहज मिळणारे जाहिरातदार त्यातच असतात.

या नियमाला अपवाद करण्याचा मोह आम्हालाही झाला. गिर्यारोहणाचे साहित्य बनवणारा एखादा प्रामाणिक छोटा कारागीर असतो, त्याच्या दोरांवर आणि सॅकवर आपला स्वतःचा विश्वास असतो. अशा माणसाविषयी लिहावेसे वाटले तर जरूर लिहावे, पण पैसे न घेता लिहावे. त्याचा फायदा त्याला जाहिरातीपेक्षा अधिक होतो, आणि पुढच्या वर्षी त्याची शिवण उसवली तर तेही लिहिण्याची मोकळीक आपल्याकडे राहते.

लेखकांचा हक्क

हौशी अंकातले लेखक बहुधा विनामूल्य लिहितात. अंक तोट्यात आहे हे त्यांना ठाऊक असते आणि त्यांचे लेखन ही त्या तोट्यातली त्यांची वर्गणी असते. त्याच अंकात पाच रंगीत जाहिराती दिसल्या की हे नाते बदलते, मग पैसे प्रत्यक्षात कितीही थोडे आले असोत. आमच्या एका जुन्या लेखकाने अत्यंत संकोचाने ‘आता मानधन देता का?’ असे विचारले होते, आणि तो प्रश्न त्याला विचारावा लागला हीच आमची चूक होती. जाहिराती घेण्याचे ठरले तर निमंत्रणाच्या पत्रातच ते कळवावे, कोणत्या प्रकारच्या जाहिराती असतील ते सांगावे, आणि तूट भरून पैसे उरले तर ते सर्वांत आधी मानधनाकडे जातील असे लिहून द्यावे. आपल्या लेखासमोर जाहिरात नको असे कोणी म्हटले, तर ते विनातक्रार मान्य करावे.

कायद्याच्या काही गोष्टी

जाहिरात दुसऱ्याची आहे, आपण केवळ जागा दिली, एवढ्याने संपादक मोकळा होत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात जाहिरात छापणाऱ्या प्रकाशकाला कायद्यात बचाव ठेवलेला असला, तरी तो बचाव मांडण्याची वेळच येऊ देऊ नये. तंबाखूजन्य पदार्थांच्या जाहिरातींना २००३ च्या कायद्याने बंदी आहे. मधुमेहासारखे आजार बरे करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाखाली येते, आणि दैवी शक्तीने संकटनिवारण करून देणाऱ्यांच्या जाहिरातींबाबत महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लक्षात ठेवावा.

भटकंतीच्या अंकाकडे जमिनींच्या जाहिराती फार येतात. ‘गडाच्या पायथ्याशी फार्महाऊस प्लॉट’ या शब्दांनी सुरू होणारे प्रत्येक आर्टवर्क आम्ही परत पाठवतो. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंड-प्रकल्पाची जाहिरात महारेराकडे नोंदणी झाल्याशिवाय करता येत नाही आणि जाहिरातीत तो नोंदणी क्रमांक असावा लागतो. शिवाय शेतजमीन बिगरशेतकऱ्याला सामान्यतः विकत घेता येत नाही, ही गोष्ट अशा जाहिराती सहसा सांगत नाहीत. पतसंस्थांच्या ठेवींची जाहिरात दिसायला निरुपद्रवी असते. ठेव विमा महामंडळाचे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण बँकांतील ठेवींना मिळते, पतसंस्थांतील ठेवींना मिळत नाही. आपल्या अंकावरच्या विश्वासाने कोणी निवृत्तीचे पैसे तिथे ठेवावेत, ही जबाबदारी चार हजार रुपयांसाठी घेऊ नये.

करांविषयी थोडक्यात सांगायचे तर जाहिरातीचे उत्पन्न हे उत्पन्नच आहे आणि ते कोणाच्या तरी विवरणपत्रात दाखवावे लागते. कोणाच्या, हे आधी ठरवावे. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर सामान्यतः वस्तू व सेवा कराची नोंदणी बंधनकारक नसते, आणि नोंदणी नसेल तर बिलावर तो कर लावता येत नाही. अंकासाठी वेगळे बँक खाते उघडावे. एका तासाची फी देऊन सनदी लेखापालाला विचारलेले बरे.

होकार असेल तर

सर्व विचार करून जाहिराती घेण्याचे ठरले, तर त्यांची व्यवस्था काटेकोर ठेवावी. दरपत्रक छापील असावे आणि सर्वांना एकच दर असावा, कारण ओळखीच्या माणसाला दिलेली सवलत पुढच्या वर्षी सर्वांचा हक्क होते. पैसे पूर्ण आणि आगाऊ घ्यावेत. अंक निघाल्यावर वसुली करण्यात आम्ही दिवाळीनंतरचे दोन महिने घालवले आहेत आणि त्या काळात एकही गड झाला नाही. कोणाही एका जाहिरातदाराची रक्कम एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावी. वरच्या उदाहरणात ती मर्यादा ८,७०० रुपये येते. तो जाहिरातदार आयत्या वेळी निघून गेला तरी अंक छापला जाईल, एवढाच या मर्यादेमागचा विचार आहे. म्हणून एकाच प्रायोजकाने सबंध अंकाचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली, तर ती सर्वांत मोहक आणि सर्वांत घातक सूचना समजावी.

जागेविषयीही आधीच ठरवावे. सर्व जाहिराती अंकाच्या अखेरीस एकत्र असाव्यात, असे आमचे मत आहे; मलपृष्ठ आम्ही देतो, दुसरे कव्हर आता देत नाही. ते जुने कारण आहेच, शिवाय अंक उघडताच वाचकाला आपले चित्र किंवा नकाशा दिसावा असेही वाटते. लेखासारखी मांडणी केलेली, लेखाच्याच अक्षरात जुळवलेली जाहिरात कधीही घेऊ नये. संपादकीय मजकूर आणि जाहिरात यांतला फरक वाचकाला स्पष्ट दिसला पाहिजे, हे भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेतही आहे. प्रत्येक पानाच्या वर ‘जाहिरात’ हा शब्द वाचता येईल एवढ्या आकारात छापावा, आणि त्याला जाहिरातदाराची हरकत असेल तर त्याच क्षणी व्यवहार थांबवावा. जाहिरातदाराला अंकातला कोणताही मजकूर छापण्यापूर्वी दाखवला जाणार नाही, आणि मजकुरावरून पैसे परत मागता येणार नाहीत, ही दोन वाक्ये दरपत्रकावरच छापलेली असावीत.

नातेवाईक आणि मित्र ‘शुभेच्छुक’ म्हणून जी अर्धी-पाव पाने घेतात, त्यांना जाहिरात म्हणू नये. ती प्रेमाने दिलेली देणगी असते. अशा सर्वांची नावे एका पानावर, एकाच आकारात, रकमा न लिहिता छापावीत. यामुळे पानेही वाचतात आणि पाचशे रुपये देणाऱ्याला पाच हजार देणाऱ्यासमोर अवघडल्यासारखे होत नाही. पुढाऱ्यांच्या छायाचित्रांसह येणाऱ्या शुभेच्छा मात्र आम्ही कधीही घेत नाही.

नकार देण्यासाठी एक पत्र आधीच तयार ठेवावे, कारण समोरचा माणूस बहुधा ओळखीचा असतो आणि तोंडी नकार देताना आपण नको ती आश्वासने देऊन बसतो. आमचे पत्र असे आहे: ‘आपण आमच्या अंकासाठी मदतीचा हात पुढे केलात याबद्दल मनापासून आभारी आहोत. आपला व्यवसाय आमच्या अंकाच्या विषयाशी निगडित असल्यामुळे आणि त्या विषयावर आम्हाला मोकळेपणाने लिहिता यावे यासाठी, या क्षेत्रातील कोणाचीही जाहिरात न घेण्याचा निर्णय आम्ही यंदाच्या मार्चमध्ये केला आहे. अंक प्रसिद्ध झाल्यावर आपल्याला प्रत अवश्य पाठवू.’ प्रत खरोखर पाठवावी. आम्ही नाकारलेल्यांपैकी दोघे आता पूर्वनोंदणी करून अंक विकत घेतात.

शेवटचे काम अंकाच्या शेवटच्या पानाचे. त्यावर आम्ही गेली चार वर्षे अंकाचा जमाखर्च छापतो: किती प्रती काढल्या, छपाईला किती लागले, वर्गणीचे किती आले, जाहिरातींचे किती आले आणि कोणाकडून, मानधन किती दिले, तूट किती राहिली आणि ती कोणी भरली. पहिल्या वर्षी हे पान छापताना संकोच वाटला होता. त्या वर्षी अकरा वाचकांनी न मागता वर्गणीपेक्षा अधिक पैसे पाठवले, आणि एका वाचकाने पत्रात एवढेच विचारले, की कुरिअरऐवजी नोंदणीकृत टपालाने पाठवले तर खर्च कमी होणार नाही का. आम्ही चौकशी केली, दर ताडून पाहिले आणि पुढच्या वर्षी तसेच केले.